रामलिंगप्पा लामतुरे शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय, तेर

रामलिंगप्पा लामतुरे शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय हे महाराष्ट्रातील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर या गावी असलेले पुरातत्त्वीय वस्तूंचे संग्रहालय आहे. तेर म्हणजेच ग्रीक व संस्कृत साधनांतून उल्लेखिलेले प्राचीन 'तगर' नगर होय. सातवाहनकालीन मृण्मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, हस्तिदंती वस्तू, मृद्भांडी आणि रोमन जगाशी झालेल्या व्यापाराच्या खुणा सांगणाऱ्या वस्तू हे या संग्रहाचे वैशिष्ट्य होय. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवून शासनास दिलेला संग्रह हा या संग्रहालयाचा पाया असून, ते राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत आहे.

लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे लातूर, औसा, निलंगा या भागातील जुन्या पिढीला तेर हे 'आपल्याच जिल्ह्यातले' गाव वाटते. लातूर-नांदेडकडील शालेय सहलींचा ओढा मात्र वेरूळ-अजिंठ्याकडे अधिक असतो आणि वाटेवरचे तेर बहुधा राहून जाते.

स्थान व नाव

तेर हे तेरणा नदीच्या काठी वसलेले आहे. तेरणा ही मांजरेची उपनदी असून मांजरा पुढे गोदावरीस मिळते. गावाचे आजचे नाव 'तगर' या नावापासून सिद्ध झाले आहे. दोन स्वरांमधील 'ग' प्राकृतात लोप पावतो. तगर, तअर, तयर, तेर असा हा प्रवास मराठीच्या अभ्यासकास सहज उमगणारा आहे. 'नगर' या शब्दाचे 'नेर' होऊन पारनेर, संगमनेर, अमळनेर ही ग्रामनामे तयार झाली, तोच हा नियम. ब्रिटिश काळातील काही कागदपत्रांत गावाचे नाव 'थैर' असेही लिहिलेले आढळते.

कोकण व कोल्हापूर येथील शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांतून 'तगरपुरवराधीश्वर' अशी बिरुदावली मिरवीत. त्यांची सत्ता तगरपासून पुष्कळ दूर होती, तरी आपले मूळ त्या श्रेष्ठ नगराशी जोडण्याचा अभिमान त्यांनी सोडला नाही. अपभ्रंश भाषेतील 'करकंडचरिउ' या जैन काव्यातही तेरापुराचा आणि तेथील लेण्यांचा उल्लेख येतो. ही लेणी म्हणजे आजची धाराशिव लेणी असे मानले जाते.

तगराची ओळख कशी पटली

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे सागरी व्यापाराचे मार्गदर्शक लिहिले. त्यात दक्षिणापथातील दोन बाजारपेठा विशेष महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या आहेत. बारिगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर. पैठणहून अकीकासारखे रंगीत खडे, तर तगरहून साधे कापड, नाना प्रकारची मलमल आणि पूर्व किनाऱ्याकडून आलेला माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला नेला जाई, असे तो लिहितो. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलातही तगराचे नाव आहे.

हे तगर नेमके कोणते, याविषयी एकोणिसाव्या शतकात बरेच वाद झाले. कोणी देवगिरी म्हटले, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर सुचविले, तर डॉ. रा. गो. भांडारकर यांचा कल धारूरकडे होता. १९०१ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तगर म्हणजे तेर असे प्रतिपादन केले आणि तेच पुढे सर्वमान्य झाले. तेर हे पैठणच्या नेमके पूर्वेस नसून आग्नेयेस आहे, हा आक्षेप राहतोच. परंतु सरळ रेषेत मोजलेले अंतर सुमारे १५० किलोमीटर भरते आणि लादलेल्या बैलगाडीस दिवसाकाठी १५ किलोमीटर म्हणजे बेताचीच चाल होय. भडोच ते पैठण हे अंतर वीस दिवसांनी भागले तरी उत्तर फारसे वेगळे येत नाही. दिशेत चुकलेला व्यापारी दिवसांच्या हिशेबात चुकलेला नाही.

फ्लीट यांच्या लेखानंतर पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी तेरला येऊन तेथील प्राचीन वास्तूंची नोंद केली. त्यांचा वृत्तान्त खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात आहे. त्या वेळी तेर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते.

पांढरी आणि संग्राहक

मराठवाड्यातील खेड्यांत 'काळी' म्हणजे शेतजमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची जागा. शेकडो वर्षांची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, हाडे आणि खापरे मिसळून वस्तीखालची जमीन पांढुरकी होते व तिची टेकाडे बनतात. धाब्याच्या घरांवर, म्हणजे माळवदावर, पावसाळ्यापूर्वी पांढरी माती पसरण्याची रीत होती. ही माती पाणी धरून ठेवीत नाही, म्हणून ती उत्तम समजली जाई. त्यासाठी गावोगाव टेकाडे खणली गेली. तेरची टेकाडे याला अपवाद नव्हती. इतर गावांच्या पांढरीतून खापरे निघत. तेरच्या पांढरीतून खापरांबरोबर मणी, नाणी, बांगड्यांचे तुकडे आणि चिमुकल्या मूर्तीही निघत. मोठा पाऊस होऊन गेल्यावर टेकाडाच्या उतारावर धुऊन निघालेले मणी लख्ख दिसतात. ते वेचणे हा तेथील मुलांचा जुना खेळ होय.

यातील बहुतेक वस्तू पूर्वी फेकल्या जात, मोडत किंवा मुलांच्या खेळात हरवत. त्या तशा जाऊ नयेत असे ज्यास वाटले तो कोणी विद्यापीठातला अभ्यासक नव्हता. तो गावातलाच मनुष्य होता. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात नांगरताना, पाया खणताना, माती नेताना सापडलेल्या वस्तू लोकांकडून मिळवून जपून ठेवण्यास प्रारंभ केला. पाहता पाहता हा संग्रह हजारोंच्या घरात गेला. तेरला येणाऱ्या संशोधकांना प्रथम लामतुरे यांच्या घरी जावे लागे. ब्रिटिश म्युझियममधील कलेतिहासकार डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये 'तेर' याच नावाची पुस्तिका प्रसिद्ध केली, त्यामागेही या संग्रहाचा मोठा आधार होता. पुढे हा संग्रह शासनाकडे आला आणि त्याचे संग्रहालय झाले. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा पैठणचे बाळासाहेब पाटील संग्रहालय यांच्याप्रमाणेच एका व्यक्तीच्या छंदातून सार्वजनिक ठेव उभी राहिल्याचे हे उदाहरण होय. फरक इतकाच की, लामतुरे यांचा जवळजवळ सर्व संग्रह एकाच गावच्या मातीतला आहे.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगणे आवश्यक आहे. पुरातत्त्वात वस्तूइतकेच महत्त्व ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोलीवर मिळाली याला असते. टेकाडाच्या उतारावर वेचलेला मणी सातवाहनकालीन आहे, हे त्याच्या घडणीवरून सांगता येईल. परंतु तो कारागिराच्या पडवीत पडला होता, देवळात वाहिलेला होता की कोणाच्या गळ्यातून तुटला होता, हे कायमचे अज्ञात राहते. लामतुरे संग्रहातील पुष्कळ वस्तूंचे असे झाले आहे. तथापि त्या काळी पर्याय 'शास्त्रशुद्ध उत्खनन' हा नव्हताच. पर्याय होता तो माळवदावरचा लेप किंवा दलालाची पिशवी. लहानसहान पुरावस्तू गावाबाहेर कशा जातात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना लामतुरे यांचे ऋण मान्य करण्यास अडचण वाटू नये.

आता कायद्याची स्थितीही स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने, जो १९७६ पासून अमलात आला, खासगी व्यक्तीस पुरावस्तू देशाबाहेर नेण्यास मनाई केली असून ठरावीक प्रकारच्या पुरावस्तूंची नोंदणी सक्तीची केली आहे.

उत्खनने

तेर येथे पहिले पद्धतशीर उत्खनन १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी केले. त्याचा अहवाल १९६९ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाला. नंतर १९६० व १९७० च्या दशकांत राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडून व इतर अभ्यासकांकडून पुन्हा उत्खनने झाली. वस्तीचा भरभराटीचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांपासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंतचा, म्हणजे सातवाहनांचा, असल्याचे त्यांतून दिसून आले. चक्राच्या आराखड्यावर बांधलेल्या विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. विटांनी बांधलेली हौदासारखी कुंडेही उघडकीस आली. ती कापड रंगविण्याची असावीत असा तर्क आहे आणि पेरिप्लसमधील कापडाचा उल्लेख लक्षात घेता तो मनाला पटतो. तामिळ प्रदेशातील अरिकामेडू येथेही अशाच प्रकारची कुंडे मिळाली आहेत.

जुन्या नगराचा पुष्कळसा भाग आजच्या गावाखालीच आहे. लोक राहत असलेल्या घरांखाली उत्खनन करता येत नाही आणि नवे घर बांधताना पायाचा खड्डा तर खणावाच लागतो. तगराचा जो भाग अजून कोणी पाहिलेला नाही, तो अशा खड्ड्यांतून तुकड्या-तुकड्यांनी वर येत असतो.

संग्रह

पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम वेधून घेतात त्या मृण्मूर्ती. त्यांतील अनेक फिकट पांढऱ्या, मऊ पोताच्या केओलिन मातीच्या आहेत. त्या दुहेरी साच्यात घडविल्या जात. पुढचा व मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून काढीत, ओलसर असतानाच एकमेकांस जोडीत आणि सांधा घासून नाहीसा करीत. मूर्ती आतून पोकळ राही. भाजताना आतली हवा तापून ती फुटू नये म्हणून एखादे बारीक छिद्र ठेवीत. निरखून पाहिल्यास काही मूर्तींच्या कडेने जाणारी सांध्याची रेघ आजही दिसते. साच्यामुळे एकाच चेहऱ्याच्या अनेक मूर्ती निघत. म्हणजे हा एखाद्या कलावंताचा एकाकी उद्योग नसून बाजारासाठी चालणारा व्यवसाय होता.

स्त्रीमूर्तींच्या केशरचना हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. भांगाच्या दोन्ही बाजूंस फुलांचे गजरे, कपाळावर लोंबणारे अलंकार, कानांत जड कुंडले, मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या असे बारकावे बोटभर उंचीच्या मूर्तीत साधलेले आहेत. हाल सातवाहनाच्या नावे प्रसिद्ध असलेली 'गाथासप्तशती' ज्यांनी वाचली आहे, त्यांना त्यातील गोदाकाठच्या ग्रामीण स्त्रिया येथे समोर उभ्या राहिल्यासारख्या वाटतील. साहित्याचा विद्यार्थी आणि पुरातत्त्वाचा विद्यार्थी या दोघांनाही एकाच कपाटापुढे उभे करणारी अशी जागा मराठवाड्यात दुसरी क्वचितच असेल. घोडेस्वार, मेंढे व इतर प्राणी, मुलांची खेळणी आणि लज्जागौरीच्या मूर्तीही तेरहून मिळाल्या आहेत. लज्जागौरी ही सृजनाची देवता असून भोकरदन व नेवासे येथेही तिच्या प्रतिमा सापडल्या आहेत. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी याच नावाच्या ग्रंथात या देवतेचा विस्ताराने विचार केला आहे.

मण्यांमध्ये काच, अकीक, कार्नेलियन, शंख व भाजलेली माती असे प्रकार आहेत. शंख समुद्रातला आणि तेर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे म्हणून आपोआपच व्यापारमार्गाचे साक्षीदार ठरतात. नाण्यांत सातवाहनांची शिशाची व पोटिनची नाणी महत्त्वाची होत. पायांचे दगडी पाटे आणि वरवंटे पाहून ग्रामीण भागातून आलेल्या स्त्रिया हमखास थांबतात, कारण त्या वस्तूचा उपयोग त्यांना कोणी सांगावा लागत नाही.

रोमन संपर्काच्या खुणांमध्ये मातीचे दिवे, परदेशी घाटाच्या भांड्यांचे तुकडे आणि रोमन नाण्यांवरून छाप घेऊन बनविलेली मातीची पदके उल्लेखनीय आहेत. ही पदके गळ्यात घालता यावीत म्हणून त्यांना कडी किंवा छिद्र असे. रोमन सम्राटाचा मुखवटा येथील माणसाला दागिना म्हणून आवडला. तो सम्राट कोण, याची विचारपूस त्याने केली असेल असे नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती ही प्रत्यक्ष आयात केलेली वस्तू होती, तर तेरची पदके हे आयात केलेल्या आवडीचे स्थानिक रूप होय.

तेरचा व्यापार पश्चिमेकडेच होता असे मात्र नाही. आंध्रातील अमरावती शैलीशी नाते सांगणारे चुनखडीच्या दगडातील शिल्पखंडही येथे मिळाले आहेत. पूर्व किनाऱ्याकडील माल तगरला येई, या पेरिप्लसच्या विधानाला ते पुष्टी देतात. गावातील उत्तरेश्वर या विटांच्या प्राचीन मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट हा संग्रहालयातील आणखी एक दुर्मीळ ठेवा होय. दीड हजार वर्षांच्या आसपासचे कोरीव लाकूड आपल्या हवामानात टिकणे ही साधी गोष्ट नव्हे.

हस्तिदंती स्त्रीमूर्ती

तेरच्या वस्तूंपैकी जगभर चर्चिली गेलेली वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. अंगावर भरगच्च अलंकार, कमरेवर रुंद मेखला, हातभर बांगड्या असे तिचे रूप आहे. तिचा काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक मानला जातो.

१९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे उत्खनन चालू असताना एका घरात अशाच घडणीची, सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती मूर्ती सापडली. अमेदेओ मायुरी यांनी ती लक्ष्मीची मानली, म्हणून ती 'पॉम्पेईची लक्ष्मी' या नावाने प्रसिद्ध झाली. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी तिला यक्षी म्हटले आहे. सध्या ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्वीय संग्रहालयात आहे. व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक इसवी सन ७९ मधला. तेव्हा ती मूर्ती त्यापूर्वीच भारतातून तेथे पोहोचली होती, हे निर्विवाद आहे. ती भारतात नेमकी कोठे घडविली गेली, हा मात्र वादाचा प्रश्न ठरला. आरंभी मथुरा आणि सांचीकडे बोट दाखविले गेले. तेरची मूर्ती आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळालेली हस्तिदंती मूर्ती यांच्याशी तिचे साम्य दिसून आल्यावर डॉ. म. के. ढवळीकर यांनी तिचे मूळ सातवाहनांच्या प्रदेशात शोधले. दुसरीकडे पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतील अक्षर आहे आणि ही लिपी वायव्येकडील असल्याने काही अभ्यासक तिकडे वळतात. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, आणि तेथील दात्यांची नावे सांची व भारहूत येथील लेखांत येतात. तेव्हा कारागीर आणि शैली या दोन्ही गोष्टी त्या काळी बऱ्याच हिंडत असल्या पाहिजेत. पॉम्पेईची मूर्ती तेरलाच घडली असे काही लिखाणांत ठामपणे सांगितले जाते. पुराव्याच्या दृष्टीने ते विधान पुढे धावणारे आहे. दोन्ही मूर्ती एका परंपरेतील आहेत इतके म्हणणे सुरक्षित होय आणि तेवढेही थोडके नाही.

परिसरातील इतर स्थळे

संग्रहालय पाहून परत फिरणे म्हणजे अर्धेच तेर पाहणे होय. गावातील त्रिविक्रम मंदिर हे विटांचे असून त्याची मागची बाजू चापाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार आहे. लेण्यांतून दिसणारा चैत्यगृहाचा आराखडा येथे उघड्यावर बांधलेला दिसतो. कझिन्स यांनी ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे मत मांडले, तर ते प्रारंभापासून वैष्णव मंदिर असावे असेही प्रतिपादन झाले आहे. पुढचा मंडप नंतरचा आहे. आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिराशी त्याची तुलना केली जाते. उत्तरेश्वर व कालेश्वर ही विटांची मंदिरेही पाहण्याजोगी आहेत. गावात प्राचीन जैन मंदिरही आहे.

बहुसंख्य लोक तेरला येतात ते संत गोरोबाकाकांच्या समाधीच्या दर्शनासाठी. गोरा कुंभार हे ज्ञानदेव-नामदेवांचे समकालीन. संतमेळ्यात थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थापटून कोणते मडके कच्चे ते त्यांनी सांगितल्याची कथा सर्वश्रुत आहे. त्यांच्या आधी हजार-बाराशे वर्षे याच नदीच्या मातीत साचे दाबणारे कुंभार होऊन गेले होते. समाधीपासून संग्रहालयापर्यंत चालत गेल्यास एकाच व्यवसायाची ही दोन टोके एका सकाळीत पाहून होतात.

जाण्याचा मार्ग व पाहण्याची पद्धत

धाराशिवहून ईशान्येकडे रस्त्याने तेरला जाता येते. लातूरहून मुरूड व ढोकी मार्गे पश्चिमेकडे यावे लागते. लातूर–कुर्डुवाडी लोहमार्गावरील ढोकी हे स्थानक तेरला सोयीचे आहे. नांदेडकडून येणाऱ्यांनी लातूर गाठून पुढे यावे.

वस्तू आकाराने लहान असल्याने घाईत फेरी मारणाऱ्यास 'काही विशेष नाही' असे वाटण्याचा संभव असतो. विद्यार्थ्यांना नेताना पन्नास-साठांचा घोळका एकदम आत न सोडता लहान गट करावेत आणि प्रत्येकाने एकच वस्तू निवडून तिचे चित्र वहीत काढावे. चित्र काढताना दिसते ते नुसते पाहताना दिसत नाही. जाण्यापूर्वी पेरिप्लसमधील तगराची हकिकत आणि नकाशावरील भडोच-पैठण-तेर ही वाट वर्गात दाखवून ठेवावी. टेकाडावर मणी किंवा खापर आढळल्यास ते खिशात घालू नये. जागा लक्षात ठेवून संग्रहालयातील कर्मचाऱ्यांना कळवावे.